जॉन मेनार्ड केन्स

जॉन मेनार्ड केन्स (५ जून १८८३ – २१ एप्रिल १९४६) हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ, लेखक आणि ब्रिटिश सरकारचे आर्थिक सल्लागार होते. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द जनरल थिअरी ऑफ एम्प्लॉयमेंट, इंटरेस्ट अँड मनी' या ग्रंथामुळे ते स्थूल अर्थशास्त्राचे एक प्रवर्तक मानले जातात. दोन्ही महायुद्धांनंतरच्या आर्थिक पुनर्रचनेच्या वाटाघाटींत त्यांनी ब्रिटनतर्फे भाग घेतला. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ते ब्रिटिश अर्थखात्याचे मुख्य प्रतिनिधी होते. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ते ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख होते. पहिल्या वेळी जेत्या राष्ट्रांनी पराभूत जर्मनीवर लादलेल्या अटींचे ते टीकाकार ठरले. दुसऱ्या वेळी मात्र त्यांचा स्वतःचा देश कर्जदार होता आणि अमेरिकेच्या अटी त्याला मान्य कराव्या लागल्या. त्याच काळात ब्रिटन भारताचेही मोठे देणे लागत होता. त्यामुळे केन्स यांचे चरित्र हे युद्धोत्तर पुनर्रचनेतील बड्या राष्ट्रांच्या हितसंबंधांच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

केन्स यांचा जन्म इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. त्यांचे वडील जॉन नेव्हिल केन्स हे केंब्रिज विद्यापीठात तर्कशास्त्र व अर्थशास्त्राचे अध्यापक होते. आई फ्लोरेन्स एडा केन्स या समाजकार्यकर्त्या होत्या आणि पुढे त्या केंब्रिज शहराच्या महापौर झाल्या. केन्स यांचे शालेय शिक्षण ईटन येथे झाले. १९०२ साली त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला आणि गणितात पदवी मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी आल्फ्रेड मार्शल यांच्याकडे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. लिटन स्ट्रेची, लेनर्ड वुल्फ आदी मित्रांशी त्यांचा परिचय केंब्रिजमध्येच झाला. या मित्रमंडळींतून पुढे ब्लूम्सबरी गट उदयास आला.

भारत कार्यालय आणि रुपयाचा प्रश्न

१९०६ साली केन्स नागरी सेवा परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि लंडनमधील भारत कार्यालयात रुजू झाले. प्रथम लष्करी विभागात आणि नंतर महसूल, सांख्यिकी व व्यापार विभागात त्यांनी काम केले. एअरशायर जातीचे दहा वळू मुंबईला पाठवण्याची व्यवस्था करणे हे त्यांना सोपवलेल्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. कार्यालयीन कामात मन न रमल्याने १९०८ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते केंब्रिजला परतले. तेथे ते अर्थशास्त्र शिकवू लागले. १९११ साली ते 'इकॉनॉमिक जर्नल' या नियतकालिकाचे संपादक झाले व १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले.

भारताचा चलनप्रश्न हा त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा विषय होता. 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' हा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. भारतात रूढ झालेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाचे त्यांनी त्यात समर्थन केले. या पद्धतीत देशात रुपया हेच चलन असे. सोन्याची नाणी प्रचारात नसत आणि रुपयाचा पौंडाशी असलेला विनिमय दर लंडनमधील गंगाजळीच्या आधारे टिकवला जाई. त्याच वर्षी भारतीय चलन व अर्थव्यवस्थेबाबत नेमलेल्या चेंबरलेन आयोगावर त्यांची सदस्य म्हणून नियुक्ती झाली. आयोगाच्या अहवालाला भारतातील मध्यवर्ती बँकेची योजना जोडण्यात आली, तिच्या आखणीत केन्स यांचा मोठा वाटा होता. केन्स भारतात कधीही आले नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणावर टीका केली आणि केन्स यांच्या प्रतिपादनाचेही खंडन केले. या पद्धतीत चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर राहते, त्यामुळे रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहत नाही आणि भाववाढीचा भार गरिबांवर पडतो, असे आंबेडकरांचे म्हणणे होते. भारताची गंगाजळी लंडनमध्ये असावी की नसावी आणि तिच्यावर ताबा कोणाचा, हा या वादामागील प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उपस्थित झाला.

पहिले महायुद्ध

जानेवारी १९१५ मध्ये केन्स ब्रिटिश अर्थखात्यात दाखल झाले. १९१७ पर्यंत परकीय देवघेवीचा स्वतंत्र विभाग त्यांच्याकडे आला. ब्रिटन या काळात फ्रान्स, इटली आणि रशिया यांना कर्ज देत होता. त्याच वेळी तो स्वतः अमेरिकेकडून कर्ज घेत होता. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनने मित्रराष्ट्रांना दिलेली कर्जे त्याने घेतलेल्या कर्जाच्या सुमारे दुप्पट होती. मात्र रशियात क्रांती झाल्यामुळे तेथील रक्कम परत मिळण्याची आशा उरली नव्हती. फ्रान्सने दिलेल्या कर्जापेक्षा घेतलेले कर्ज कितीतरी अधिक होते. मित्रराष्ट्रांपैकी केवळ अमेरिकेने कर्ज दिले होते, घेतले नव्हते. शांतता परिषदेतील प्रत्येक राष्ट्राची भूमिका ठरवण्यात या हिशेबाचा मोठा वाटा होता.

पॅरिस शांतता परिषद

जानेवारी १९१९ मध्ये पॅरिस येथे शांतता परिषद सुरू झाली. तिच्यापुढील सर्वांत कठीण आर्थिक प्रश्न जर्मनीकडून घ्यावयाच्या युद्धखंडणीचा होता. फ्रान्सचा उत्तर भाग युद्धात उद्ध्वस्त झाला होता. १८७१ च्या पराभवानंतर फ्रान्सला जर्मनीस ५०० कोटी फ्रँक द्यावे लागले होते, त्याची आठवणही ताजी होती. जर्मनी पुन्हा बलिष्ठ होऊ नये, हे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांचे मुख्य उद्दिष्ट होते. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत युद्धाचा खर्च जर्मनीकडून वसूल करण्याची आश्वासने देण्यात आली होती. ब्रिटिश तज्ज्ञ समितीने सुचवलेला खंडणीचा आकडा २,४०० कोटी पौंडांपर्यंत गेला होता. जर्मनी फार तर २०० कोटी पौंड देऊ शकेल, असा केन्स यांचा अंदाज होता.

युद्धात झालेला विध्वंस मुख्यतः फ्रान्स व बेल्जियममधील असल्याने केवळ मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ठरली असती, तर ब्रिटनच्या वाट्याला थोडीच रक्कम आली असती. म्हणून सैनिकांची निवृत्तिवेतने आणि त्यांच्या कुटुंबांना दिलेले भत्ते यांचाही समावेश भरपाईत करावा, असा आग्रह ब्रिटनने धरला. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ही मागणी मान्य केली. त्यामुळे मागणीची एकूण रक्कम मोठ्या प्रमाणावर वाढली.

युद्धबंदीनंतरही जर्मनीची नाकेबंदी चालू होती आणि तेथे अन्नाची तीव्र टंचाई होती. अन्नपुरवठ्याच्या मोबदल्यात जर्मनीने व्यापारी जहाजे सोपवावीत आणि सोने द्यावे, यासंबंधीच्या वाटाघाटींत केन्स सहभागी होते. जर्मनीकडील सोने खंडणीसाठी राखून ठेवले पाहिजे, या भूमिकेतून फ्रान्सने सोन्याच्या बदल्यात अन्न देण्यास हरकत घेतली होती. मार्च १९१९ मध्ये ब्रुसेल्स येथे तोडगा निघाला आणि अन्नपुरवठा सुरू झाला.

एप्रिल १९१९ मध्ये केन्स यांनी युरोपच्या पुनर्रचनेची एक योजना तयार केली. जर्मनी व इतर पराभूत देशांनी कर्जरोखे काढावेत, त्यांना जेत्या राष्ट्रांनी हमी द्यावी आणि त्यांच्या आधारे युरोपला अन्न व कच्चा माल विकत घेता यावा, अशी ती योजना होती. पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी ती विल्सन यांच्याकडे पाठवली. हमीचा खरा भार अमेरिकेवर पडणार असल्याने अमेरिकी अर्थखात्याने तिला विरोध केला आणि विल्सन यांनी ती नाकारली. मित्रराष्ट्रांची आपसांतील कर्जे रद्द करावीत, ही केन्स यांची सूचनाही अमेरिकेने स्वीकारली नाही. कर्जे आणि युद्धखंडणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अशी अमेरिकेची अधिकृत भूमिका होती. जून १९१९ मध्ये, व्हर्सायच्या तहावर सह्या होण्यापूर्वीच, केन्स यांनी राजीनामा दिला.

'द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस'

डिसेंबर १९१९ मध्ये केन्स यांचा 'द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अल्पावधीत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि केन्स यांना जागतिक कीर्ती मिळाली. युरोपची अर्थव्यवस्था ही परस्परावलंबी असून तिच्या केंद्रस्थानी जर्मनीचा कोळसा, लोखंड आणि वाहतूक आहे, हा ग्रंथाचा मूळ विचार होता. तहानुसार जर्मनीच्या वसाहती, व्यापारी जहाजांचा मोठा भाग आणि सार खोऱ्यातील कोळशाच्या खाणी तिच्या हातून गेल्या. खंडणी देण्यासाठी जर्मनीला आयातीपेक्षा निर्यात कितीतरी वाढवावी लागली असती. परंतु जी राष्ट्रे खंडणी मागत होती, तीच जर्मन माल आपल्या बाजारपेठेत येऊ देण्यास तयार नव्हती. ही विसंगती केन्स यांनी आकडेवारीसह मांडली.

१९२१ साली जर्मनीची एकूण खंडणी १३,२०० कोटी सुवर्ण मार्क, म्हणजे सुमारे ६६० कोटी पौंड ठरवण्यात आली. हप्ते थकल्यामुळे जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमने रूर हा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेतला. त्याच वर्षी जर्मन चलनाची किंमत पूर्णपणे कोसळली. १९२४ ची डॉज योजना व १९२९ ची यंग योजना यांद्वारे हप्त्यांची पुनर्आखणी झाली. अमेरिकी गुंतवणूकदार जर्मनीला कर्ज देत, जर्मनी त्यातून ब्रिटन व फ्रान्सला खंडणी देई आणि ते देश अमेरिकेचे युद्धकर्ज फेडत, असे चक्र काही वर्षे चालले. महामंदीत ते थांबले आणि १९३२ च्या लोझान परिषदेत खंडणी जवळजवळ रद्द झाली.

या ग्रंथावर टीकाही झाली. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ एतिएन मांतू यांचे उत्तरादाखल लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीची देण्याची क्षमता केन्स यांनी कमी लेखली, हिटलरच्या काळात त्याच देशाने शस्त्रास्त्रांवर कितीतरी अधिक खर्च केला, असा मांतू यांचा आक्षेप होता. केन्स यांच्या लेखनामुळे ब्रिटन व अमेरिकेत तहाविषयी अपराधी भावना निर्माण झाली आणि जर्मनीला अटकाव करण्याची इच्छाशक्ती दुबळी झाली, असेही काही इतिहासकार मानतात. फ्रान्सच्या सुरक्षेच्या चिंतेकडे केन्स यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, यावर अनेक अभ्यासकांचे एकमत आहे. आंतर-मित्रराष्ट्रीय कर्जे रद्द करण्याच्या सूचनेत ब्रिटनचेही हित होते, याकडेही लक्ष वेधले जाते. रशियाकडील बुडीत कर्ज कागदावर सोडून देण्याच्या बदल्यात अमेरिकेचे खरे देणे माफ होण्याचा लाभ ब्रिटनला मिळणार होता.

दोन महायुद्धांमधील काळ

१९२३ साली 'अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म' या पुस्तकात केन्स यांनी सुवर्ण परिमाणाकडे परतण्यास विरोध केला. १९२५ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंडाचा युद्धपूर्व सुवर्णदर पुन्हा लागू केला, तेव्हा निर्यात घटेल आणि कामगारांची मजुरी कापली जाईल, असा इशारा केन्स यांनी दिला. १९३० साली 'अ ट्रिटाइज ऑन मनी' आणि १९३६ साली 'जनरल थिअरी' हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. एकूण मागणी अपुरी असल्यास बाजारव्यवस्था दीर्घकाळ बेकारीच्या अवस्थेत राहू शकते आणि अशा वेळी सरकारी खर्चाने मागणी वाढवता येते, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा होय. 

४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचा विवाह रशियन नृत्यांगना लिडिया लोपोकोव्हा यांच्याशी झाला. चित्रकला, नाट्य आणि ग्रंथसंग्रह यांत केन्स यांना विशेष रस होता. केंब्रिजमधील आर्ट्स थिएटर त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली सुरू झाले. १९३७ साली त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्णपणे सुधारली नाही.

दुसरे महायुद्ध आणि समाशोधन संघाची योजना

१९४० साली केन्स पुन्हा अर्थखात्यात काम करू लागले. १९४२ साली त्यांना टिल्टनचे बॅरन हा किताब मिळाला आणि ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य झाले. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेने लेंड-लीज कायदा केला. त्यानुसार मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री रोख रक्कम न घेता पुरवली जाई. मात्र ही मदत अटींविना नव्हती. फेब्रुवारी १९४२ च्या परस्पर साहाय्य कराराच्या सातव्या कलमात व्यापारातील भेदभाव दूर करण्याचे तत्त्व घालण्यात आले. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना एकमेकांत मिळणारी जकातीची सवलत मोडून ती बाजारपेठ अमेरिकी मालाला खुली करणे, हा त्यामागील हेतू होता.

याच काळात केन्स यांनी आंतरराष्ट्रीय समाशोधन संघाची योजना तयार केली. ती एप्रिल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. या योजनेत राष्ट्राराष्ट्रांतील देणीघेणी 'बँकोर' नावाच्या हिशेबी चलनात नोंदवली जाणार होती. ज्या देशाचा व्यापार तुटीचा असेल त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत उचल मिळणार होती. त्याचबरोबर ज्या देशाकडे सतत वाढावा साचत असेल त्यालाही शुल्क द्यावे लागणार होते. व्यापारातील असमतोल दूर करण्याची जबाबदारी ऋणकोइतकीच धनकोवरही असावी, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते. तुटीतील देशाला वाढाव्याच्या देशापुढे हात पसरावे लागू नयेत, हा तिचा उद्देश होता. युद्धानंतर ब्रिटन तुटीत असणार हे निश्चित असल्याने ही योजना ब्रिटनच्या सोयीचीही होती.

अमेरिकी अर्थखात्याचे अधिकारी हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी स्वतंत्र योजना मांडली. तीत सदस्य देशांनी आधी वर्गणी भरावी आणि त्या निधीतून मर्यादित कर्ज मिळावे, अशी रचना होती. केन्स यांच्या योजनेत उचलीची एकूण मर्यादा सुमारे २,६०० कोटी डॉलर होत होती, तर व्हाइट यांच्या निधीची किमान रक्कम ५०० कोटी डॉलर होती. सारे जग अमेरिकी माल उधारीवर घेईल आणि तिचा बोजा आपल्यावर येईल, ही भीती अमेरिकेला होती. अखेर व्हाइट यांचीच रचना आधारभूत मानण्यात आली.

ब्रेटन वूड्स परिषद

१ ते २२ जुलै १९४४ या काळात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वूड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि आंतरराष्ट्रीय पुनर्रचना व विकास बँक, म्हणजेच जागतिक बँक, या संस्था निर्माण झाल्या. नाणेनिधीविषयक समितीचे अध्यक्षपद व्हाइट यांच्याकडे, तर बँकेविषयीच्या समितीचे अध्यक्षपद केन्स यांच्याकडे होते. त्यामुळे निधीच्या कलमांवर केन्स यांना पुरेसे लक्ष देता आले नाही. अंतिम मसुद्यात सदस्य देशांच्या चलनांचे मूल्य सोन्यात किंवा अमेरिकी डॉलरमध्ये ठरवण्याची तरतूद झाली आणि डॉलरला विशेष स्थान मिळाले. ज्या चलनाची जगात टंचाई होईल त्या देशाविरुद्ध इतरांना निर्बंध घालता यावेत, हे कलम केन्स यांच्या विचारांशी जुळणारे होते. ते प्रत्यक्षात कधीही वापरले गेले नाही.

निधीतील मतांचे वजन प्रत्येक देशाच्या कोट्यावर अवलंबून होते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रेमंड माइकसेल यांना कोट्याचे सूत्र तयार करण्यास सांगण्यात आले, तेव्हा कोणत्या मोठ्या राष्ट्राला सुमारे किती रक्कम मिळावी हे आधीच ठरलेले होते. एकूण ८८० कोटी डॉलरपैकी अमेरिकेचा कोटा २७५ कोटी, ब्रिटनचा १३० कोटी, सोव्हिएत संघाचा १२० कोटी, चीनचा ५५ कोटी, फ्रान्सचा ४५ कोटी आणि भारताचा ४० कोटी डॉलर ठरला. सोव्हिएत संघाने पुढे करारांना मान्यता दिली नाही. त्यामुळे भारत पहिल्या पाच देशांत आला आणि कार्यकारी मंडळावर त्याला स्वतःचा संचालक नेमण्याचा अधिकार मिळाला.

भारत आणि स्टर्लिंग शिल्लक

ब्रेटन वूड्स येथील भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे त्याचे सदस्य होते. षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांचाही त्यात समावेश होता. भारताने दोन मुख्य मागण्या मांडल्या. मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हे निधीचे उद्दिष्ट असावे, ही पहिली मागणी होती. तडजोड म्हणून सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख उद्दिष्टांत करण्यात आला. दुसरी मागणी स्टर्लिंग शिलकेविषयी होती.

युद्धकाळात ब्रिटनने भारतातून मोठ्या प्रमाणावर माल व सेवा घेतल्या. त्यांचे मूल्य रोख न देता लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांत जमा केले जाई. त्या जमेच्या आधारे भारतात रुपयाच्या नोटा छापल्या जात. परिणामी भारतात चलनफुगवटा झाला आणि अन्नधान्याचे भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो लोक मृत्युमुखी पडले, त्यामागील कारणांत या भाववाढीचाही समावेश केला जातो. युद्धापूर्वीचे स्टर्लिंग कर्ज फेडूनही युद्धाच्या अखेरीस भारताचे ब्रिटनकडील येणे सुमारे १३० कोटी पौंड झाले होते. ब्रिटनचा ऋणको असलेला भारत आता त्याचा धनको बनला होता.

या रकमेचा काही भाग डॉलरसारख्या चलनांत बदलून मिळण्यासाठी निधीने मदत करावी, अशी भारताची मागणी होती. ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्स या तिघांनीही तिला विरोध केला. हा ब्रिटन व संबंधित देशांतील आपसांतला प्रश्न असून ब्रिटन तो स्वतः सोडवील, अशी भूमिका केन्स यांनी मांडली आणि मागणी फेटाळली गेली.

स्टर्लिंग शिलकेचा काही भाग सोडून दिला जावा, असे केन्स यांचे मत होते. ते त्या रकमेकडे सामान्य व्यापारी देणे म्हणून न पाहता समान शत्रूविरुद्धच्या युद्धाचा खर्च म्हणून पाहत. युद्धातून उद्भवलेली कर्जे शांततेच्या काळावर लादू नयेत, हे १९१९ चे तत्त्वच त्यांनी पुन्हा मांडले होते. मात्र १९१९ साली सवलत द्यावी अशी अपेक्षा श्रीमंत अमेरिकेकडून होती, तर आता ती भारतासारख्या गरीब आणि परतंत्र देशाकडून होती. दोन्ही प्रसंगी लाभ ब्रिटनचाच होता. भारताला युद्धात उतरवण्याचा निर्णय भारतीयांना विचारून घेतलेला नव्हता आणि ही रक्कम उपासमार सोसून साठली आहे, अशी भारतीय अर्थतज्ज्ञांची व राजकीय पक्षांची भूमिका होती.

१९४७ च्या करारानुसार शिलकेचा मोठा भाग गोठवलेल्या खात्यात ठेवून ती टप्प्याटप्प्याने मोकळी करण्याचे ठरले. तिचा कोणताही भाग रद्द झाला नाही. तथापि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाल्याने तिचे डॉलरमधील मूल्य घटले. उरलेली रक्कम पुढे पंचवार्षिक योजनांच्या काळात यंत्रसामग्री व इतर आयातीसाठी खर्च झाली. तेव्हा १९५० ते १९५६ या काळात देशमुख हेच भारताचे अर्थमंत्री होते.

अमेरिकेचे कर्ज

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी लेंड-लीज मदत तातडीने बंद केली. ब्रिटनची निर्यात युद्धपूर्व पातळीच्या निम्म्याहून खाली आली होती आणि अन्न व कच्चा माल विकत घेण्यासाठी डॉलर नव्हते. सप्टेंबरमध्ये केन्स वॉशिंग्टनला गेले. ब्रिटनने युद्धाचा भार सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक काळ उचलला असल्याने अमेरिका अनुदान किंवा बिनव्याजी कर्ज देईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली.

६ डिसेंबर १९४५ रोजी झालेल्या करारानुसार ब्रिटनला ३७५ कोटी डॉलरचे कर्ज दोन टक्के व्याजाने मिळाले. लेंड-लीजच्या हिशेबापोटी आणखी ६५ कोटी डॉलर ठरले. कर्ज पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे होते. करार अमलात आल्यापासून एका वर्षाच्या आत पौंड परिवर्तनीय करावा आणि स्टर्लिंग शिलकेची तडजोड करावी, अशा अटी त्यात होत्या. पौंड डॉलरमध्ये बदलता आला की साम्राज्यातील देश अमेरिकी माल घेऊ शकतील, हे अमेरिकेचे गणित होते. ब्रिटिश संसदेत या कराराविरुद्ध तीव्र नाराजी होती. त्याच महिन्यात केन्स यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याचे समर्थन केले. उपलब्ध पर्यायांत हाच कमी वाईट आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता.

अमेरिकी काँग्रेसने जुलै १९४६ मध्ये कर्जाला मंजुरी दिली. सोव्हिएत संघाशी वाढत चाललेल्या तणावामुळे अनेक सदस्यांचे मत अनुकूल झाले होते. १५ जुलै १९४७ रोजी पौंड परिवर्तनीय करण्यात आला. डॉलरचा साठा इतक्या वेगाने घटला की २० ऑगस्ट रोजी परिवर्तनीयता स्थगित करावी लागली. या कर्जाचा अखेरचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये भरला.

सव्हाना परिषद आणि मृत्यू

मार्च १९४६ मध्ये अमेरिकेतील सव्हाना येथे नाणेनिधी व जागतिक बँकेच्या गव्हर्नरांची पहिली सभा झाली. दोन्ही संस्था राजकीय दबावापासून दूर राहाव्यात म्हणून त्यांची मुख्यालये न्यूयॉर्कला असावीत, असा केन्स यांचा आग्रह होता. अमेरिकेचे अर्थमंत्री फ्रेड व्हिन्सन यांनी वॉशिंग्टनचा निर्णय आधीच घेतला होता आणि तोच मान्य झाला. संचालक पूर्णवेळ असावेत की नसावेत, या प्रश्नावरही केन्स यांचे म्हणणे मान्य झाले नाही. परतीच्या प्रवासात त्यांची प्रकृती खालावली. २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ससेक्समधील टिल्टन येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६२ वर्षांचे होते. त्यांचे आईवडील दोघेही हयात होते.

मूल्यमापन

युद्धोत्तर पुनर्रचनेविषयी केन्स यांनी मांडलेल्या योजनांपैकी बहुतेक त्यांच्या हयातीत मूळ स्वरूपात स्वीकारल्या गेल्या नाहीत. तरीही त्यांतील काही विचार नंतर वेगळ्या मार्गाने अमलात आले. १९४८ पासून अमेरिकेने मार्शल योजनेद्वारे पश्चिम युरोपला सुमारे १,३०० कोटी डॉलरची मदत केली आणि तिचा मोठा भाग अनुदानरूपात होता. १९१९ व १९४५ साली जी उदारता नाकारली गेली, ती सोव्हिएत प्रभाव रोखण्याची निकड निर्माण झाल्यावर शक्य झाली. पराभूत जर्मनीचा पश्चिम भागही या मदतीत सामील करून घेण्यात आला. जागतिक बँकेचे पहिले कर्ज मे १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले. बँकेच्या नावातील विकास या शब्दाला अनुसरून आशियातील देशांना कर्ज मिळू लागण्यास त्यानंतर काही काळ जावा लागला. भारताला पहिले कर्ज १९४९ साली रेल्वेसाठी मिळाले.

डॉलरचे सोन्याशी असलेले नाते १९७१ साली संपुष्टात आले. तथापि निधीतील मतांची कोट्यावर आधारलेली रचना कायम राहिली. महत्त्वाच्या निर्णयांसाठी ८५ टक्के मते लागत असल्याने अमेरिकेला आजही प्रत्यक्षात नकाराधिकार आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर चीनच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झोऊ श्याओच्वान यांनी मार्च २००९ मध्ये बँकोरच्या कल्पनेचा पुन्हा उल्लेख केला. वाढाव्याच्या देशांवरही जबाबदारी टाकणारा केन्स यांचा विचार त्यानंतर नव्याने चर्चेत आला.

केन्स यांनी धनको राष्ट्रांच्या स्वार्थाचे विश्लेषण जितक्या स्पष्टपणे केले, तितक्या स्पष्टपणे आपल्या देशाच्या स्वार्थाचे केले नाही, असे भारतीय दृष्टिकोनातून लिहिणारे अभ्यासक नोंदवतात. ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी या नात्याने ते त्यांचे कर्तव्यच होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात. पुनर्रचनेचा खर्च कोणी उचलावा हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नसून सत्तेचाही असतो, हे मात्र त्यांच्या कारकिर्दीच्या दोन्ही टप्प्यांवरून स्पष्ट होते.